फोर्ड एफ-१५० लाइटनिंगमधील बॅटरीचे पर्याय

फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या विजेवर चालणाऱ्या अमेरिकी पिकअप ट्रकसाठी फोर्ड मोटर कंपनीने बॅटरीचे दोन पर्याय ठेवले होते : 'स्टँडर्ड रेंज' आणि 'एक्स्टेंडेड रेंज'. पहिल्या बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता ९८ किलोवॅट-तास, तर दुसरीची १३१ किलोवॅट-तास आहे. या लेखात सोयीसाठी त्यांना अनुक्रमे 'लहान' आणि 'मोठी' बॅटरी म्हटले आहे. वरवर पाहता ही निवड केवळ पल्ल्याची, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती दूर जाईल एवढीच वाटते. प्रत्यक्षात बॅटरीबरोबर वाहनाची शक्ती, मागे जोडलेले ओझे ओढण्याची क्षमता, हौद्यात वाहता येणारा भार, चार्जिंगचा वेग आणि किंमत या साऱ्याच गोष्टी बदलतात, आणि त्या सर्व ग्राहकाच्या लाभाच्या दिशेने बदलत नाहीत. बॅटरीचा आकार कारखान्यातच ठरत असल्यामुळे हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागे.

पार्श्वभूमी

मराठीत 'ट्रक' म्हटले की अवजड मालवाहू वाहन डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र हा शब्द सर्रास पिकअपसाठी, म्हणजे पुढे बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या वाहनासाठी वापरला जातो. फोर्डची एफ मालिका ही तेथील अनेक दशकांची सर्वाधिक खपाची पिकअप मालिका आहे. शेतकरी, गवंडी, सुतार, वीजजोडणी करणारे कारागीर यांचे ते कामाचे साधन आहे, आणि शहरातील अनेक कुटुंबांची ती रोजची मोटारही आहे. एकाच वाहनाचे हे दोन उपयोग बॅटरीच्या निवडीच्या मुळाशी आहेत, कारण कामाच्या वाहनाला जे लागते ते कुटुंबाच्या मोटारीला लागतेच असे नाही.

'लाइटनिंग' हे नाव फोर्डने पूर्वी १९९३ पासून पेट्रोलवर चालणाऱ्या वेगवान पिकअपसाठी वापरले होते. विजेवरील लाइटनिंगचे अनावरण १९ मे २०२१ रोजी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे झाले. तेथील रूज संकुलात उभारलेल्या स्वतंत्र कारखान्यात २६ एप्रिल २०२२ पासून तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. अमेरिका व कॅनडा या मुख्य बाजारपेठा होत्या; पुढे मर्यादित प्रमाणात ती नॉर्वेतही विकली गेली. भारतात ती विक्रीस आली नाही. २०२३ साली तिला 'नॉर्थ अमेरिकन ट्रक ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला.

दोन्ही बॅटऱ्यांच्या गाड्यांची बाह्य घडण एकच आहे : चार दारांची केबिन, साडेपाच फुटांचा हौदा, पुढच्या व मागच्या चाकांसाठी प्रत्येकी एक विजेची मोटर आणि बॉनेटखाली इंजिनाच्या जागी सुमारे ४०० लिटरची कुलूपबंद डिकी. बाहेरून पाहून बॅटरी कोणती हे ओळखता येत नाही.

क्षमता आणि पल्ला

किलोवॅट-तास हे विजेच्या साठ्याचे एकक आहे. महावितरणच्या वीजबिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात ते हेच. म्हणजे लहान बॅटरीत ९८ आणि मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज वापरासाठी उपलब्ध असते. फरक ३३ युनिटांचा, अर्थात सुमारे एक तृतीयांशाचा.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीनुसार २०२२ च्या नमुन्यात लहान बॅटरीचा पल्ला २३० मैल (सुमारे ३७० किमी), तर मोठ्या बॅटरीचा ३२० मैल (सुमारे ५१५ किमी) होता. पुढील वर्षी लहान बॅटरीचा अधिकृत पल्ला २४० मैलांवर गेला. सर्वांत महागड्या प्लॅटिनम आवृत्तीत मोठीच बॅटरी असूनही पल्ला ३०० मैल (सुमारे ४८३ किमी) भरतो. मोठी चाके आणि वाढीव वजन यांची ती किंमत आहे.

या आकड्यांवरून एका युनिटमागे गाडी चार किलोमीटरांपेक्षा थोडे कमी अंतर जाते, असा हिशेब निघतो. लहान विजेरी मोटारी तेवढ्याच विजेत दीडपट ते दुप्पट अंतर कापतात. रिकाम्या लाइटनिंगचे वजन आवृत्तीनुसार पावणेतीन ते तीन टनांच्या आसपास असते आणि तिचा पुढचा भाग उंच व रुंद आहे. अशा आकाराला हवेतून पुढे ढकलण्यात बरीच वीज खर्च होते.

अधिकृत पल्ला हा पूर्ण भरलेल्या बॅटरीपासून पूर्ण रिकाम्या बॅटरीपर्यंतचा असतो, ही बाब अनेक खरेदीदारांच्या ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात कोणी बॅटरी शून्यावर आणून गाडी चालवत नाही. रोजच्या वापरात ती ९० टक्क्यांपर्यंतच भरावी, अशी कंपनीची शिफारस आहे. लांबच्या प्रवासात तर १५ ते ८० टक्के एवढाच भाग खऱ्या अर्थाने हाती राहतो, कारण ८० टक्क्यांनंतर जलद चार्जिंगचा वेग बराच मंदावतो. त्या हिशेबाने दोन थांब्यांमधील अंतर मोठ्या बॅटरीवर सुमारे २०८ मैल (३३५ किमी) आणि लहान बॅटरीवर सुमारे १५० मैल (२४० किमी) भरते. महामार्गावरील वेग अधिक असल्यास तेही घटते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर अमेरिकी चालक वर्षाला सरासरी सुमारे १३,५०० मैल गाडी चालवतो. दिवसाचे हे अंतर ३७ मैल, म्हणजे ६० किमी होते. घरी चार्जिंगची सोय असलेल्या आणि अशा सरासरीने गाडी वापरणाऱ्या व्यक्तीला लहान बॅटरीसुद्धा तीन-चार दिवस पुरते. रोजच्या गरजेच्या कसोटीवर मोठी बॅटरी बहुतेकांसाठी अनावश्यक ठरते. खरा प्रश्न वर्षातील त्या मोजक्या दिवसांचा असतो, ज्या दिवशी ओझे जोडून, थंडीत किंवा चार्जिंगची सोय नसलेल्या मुलखात जावे लागते.

ओझे ओढणे आणि भार वाहणे

दोन्ही बॅटऱ्यांबरोबर मोटरींचा पीळ सारखाच, १,०५१ न्यूटन-मीटर आहे. अश्वशक्ती मात्र वेगळी आहे : लहान बॅटरीवर ४५२, मोठ्या बॅटरीवर ५८०. मोठ्या बॅटरीतून एका वेळी अधिक वीज खेचता येते, म्हणून त्याच मोटरींकडून अधिक शक्ती मिळते. दैनंदिन वापरात ४५२ अश्वशक्तीही गरजेहून कितीतरी जास्त असल्यामुळे केवळ शक्तीसाठी मोठी बॅटरी घेण्यात फारसा अर्थ नाही.

ओढण्याच्या क्षमतेची गोष्ट वेगळी आहे. मूळ स्वरूपातील लहान बॅटरीची लाइटनिंग ५,००० पौंड (२,२६८ किलो) वजनाचा ट्रेलर ओढू शकते. 'मॅक्स ट्रेलर टो' हा जोडसंच घेतल्यास ही मर्यादा ७,७०० पौंड (३,४९३ किलो) होते. मोठ्या बॅटरीची गाडी मुळातच ७,७०० पौंड ओढते आणि त्या संचासह १०,००० पौंड (४,५३६ किलो). येथेही प्लॅटिनमचा अपवाद आहे. तिची मर्यादा ८,५०० पौंड (३,८५६ किलो) एवढीच आहे.

हौद्यातील भाराच्या बाबतीत क्रम उलटा लागतो. लहान बॅटरीची सर्वांत साधी आवृत्ती २,२३५ पौंडांपर्यंत (सुमारे १,०१४ किलो) भार वाहू शकते, तर मोठ्या बॅटरीच्या गाडीची कमाल मर्यादा १,९५२ पौंड (सुमारे ८८५ किलो) आहे. वाहनाचे एकूण अनुज्ञेय वजन ठरलेले असते आणि बॅटरी स्वतःच जड असते. तिने त्या वजनातील वाटा घेतला की उरलेला भार आपोआप कमी होतो. सिमेंटची पोती, विटा, अवजारे हौद्यात टाकून गावातल्या गावात हिंडणाऱ्या कारागिराला त्यामुळे स्वस्त, लहान बॅटरीची गाडीच अधिक कामाची ठरते. महाग पर्याय सर्वच बाबतींत सरस असतो, या समजाला हे चांगले उत्तर आहे.

ओढणे आणि वाहणे या दोन मर्यादा परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. ट्रेलरच्या दांड्याचा गाडीच्या हुकावर पडणारा दाब ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ठेवतात. त्याहून कमी असेल तर ट्रेलर रस्त्यावर हेलकावे खाऊ लागतो. हा दाब गाडीच्या भारवहनक्षमतेतून वजा होतो. ४,५३६ किलोचा ट्रेलर जोडला तर हुकावर ४५० ते ६८० किलो येतात. मोठ्या बॅटरीची सर्वोच्च भारमर्यादा ८८५ किलो धरली तरी प्रवासी आणि सामान यांच्यासाठी दोनशे ते सव्वाचारशे किलो एवढेच शिल्लक राहतात. खालच्या टोकाला दोन-तीन प्रौढ माणसे आणि थोडे सामान यांतच ही सवलत संपते. सजावटीच्या साधनांनी जड झालेल्या महाग आवृत्त्यांत ती आणखी आकुंचित होते. जाहिरातीतील कमाल आकडे एकाच वेळी, एकाच गाडीत मिळत नाहीत. प्रत्येक गाडीच्या दारावरील पट्टीवर त्या विशिष्ट गाडीची भारमर्यादा छापलेली असते. तीच ग्राह्य धरावी लागते.

ओढता येण्याजोगे वजन आणि ते ओढून जाता येण्याजोगे अंतर या दोन गोष्टींत तर फारच तफावत आहे. अमेरिकी मोटारविषयक नियतकालिकांनी घेतलेल्या चाचण्यांत प्रवासी घरासारखा उंच ट्रेलर जोडल्यावर लाइटनिंगचा पल्ला निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्याचे दिसले. मोठ्या बॅटरीवरही महामार्गाच्या वेगाने शंभर मैलांच्या (१६० किमी) आसपासच अंतर निघाले. यामागचे मुख्य कारण वजन नसून हवेचा विरोध हे आहे. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडीमागे चौकोनी, उंच पेटी आली की त्याला तोंड देण्यातच वीज खर्ची पडते. त्यामुळे तेवढ्याच वजनाचा पण बुटका ट्रेलर, उदाहरणार्थ सपाट फळीवर ठेवलेले गवत कापण्याचे यंत्र, पल्ला एवढा घटवत नाही. वेग थोडा कमी ठेवला तरी लगेच फरक पडतो.

पेट्रोलची गाडीसुद्धा ओझे ओढताना जवळजवळ दुप्पट इंधन पिते; पण तिची टाकी पाच मिनिटांत भरते. विजेच्या गाडीला तेवढ्याच कामासाठी तासाभरात पुन्हा थांबावे लागते. शिवाय अमेरिकेतील बहुसंख्य चार्जिंग केंद्रे मोटार उभी करण्याच्या एकेका चौकटीत आखलेली आहेत. तेथे ट्रेलर सोडून, गाडी वळवून, चार्जिंग झाल्यावर पुन्हा ट्रेलर जोडावा लागतो. नियमितपणे लांबवर ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी लहान बॅटरी अव्यवहार्य आहे, आणि मोठी बॅटरीही जेमतेमच पुरेशी आहे. बोट दहा-पंधरा किलोमीटरवरच्या तळ्यापर्यंत नेणाऱ्यांना मात्र दोन्हींत फरक जाणवत नाही.

थंडीचा परिणाम

मिशिगन, मिनेसोटा, कॅनडाचा मोठा भाग आणि नॉर्वे येथील हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात, बॅटरी स्वतः उबदार ठेवण्यासाठी वीज लागते, आणि केबिन गरम करण्यासाठी आणखी वीज खर्च होते. पेट्रोलच्या इंजिनात वाया जाणारी उष्णता केबिनला फुकट मिळते. विजेच्या गाडीत ती मुद्दाम निर्माण करावी लागते. लाइटनिंगच्या सुरुवातीच्या नमुन्यांत हे काम साध्या विद्युत तापकाने होई. २०२४ च्या नमुन्यापासून कमी विजेत तेवढीच ऊब देणारा उष्णता पंप बसवण्यात आला.

कडाक्याच्या थंडीत विजेच्या वाहनांचा पल्ला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घटणे ही सामान्य बाब आहे. एक तृतीयांश घट धरली तर लहान बॅटरीचे २३० मैल १५३ मैलांवर (२४६ किमी) आणि मोठीचे ३२० मैल २१३ मैलांवर (३४३ किमी) येतात. छोट्या-छोट्या फेऱ्यांमध्ये घट अधिक जाणवते, कारण प्रत्येक वेळी केबिन नव्याने तापवावी लागते. गाडी घरच्या वीजजोडणीवर असतानाच ती गरम करून घेतल्यास बॅटरीतील वीज वाचते. थंड प्रदेशातील ग्राहकांचा मोठ्या बॅटरीकडे कल असण्याचे हे सबळ कारण आहे.

चार्जिंग

अमेरिकेतील घरगुती १२० व्होल्टच्या साध्या प्लगमधून तासाला सुमारे १.४ युनिट वीज मिळते. त्यावर रिकामी लहान बॅटरी भरण्यास जवळजवळ तीन दिवस आणि मोठी भरण्यास जवळजवळ चार दिवस लागतील. तरीही सरासरी ६० किमीचा रोजचा खर्च अकरा-बारा तासांत कसाबसा भरून निघतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बहुतेक मालक २४० व्होल्टचा भिंतीवरील चार्जर बसवतात. कंपनीच्या माहितीनुसार ४८ अँपिअरच्या चार्जरवर १५ ते १०० टक्के भरण्यास लहान बॅटरीला सुमारे १० तास, तर मोठीला सुमारे १३ तास लागतात. मोठ्या बॅटरीच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये दोन अंतर्गत चार्जर होते आणि त्यांच्याबरोबर ८० अँपिअरचा 'चार्ज स्टेशन प्रो' दिला जाई. त्यावर हेच काम सुमारे ८ तासांत होते. मात्र एवढा प्रवाह घ्यायचा तर जुन्या घराचा वीजपुरवठा वाढवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च किमतीच्या पत्रकात दिसत नाही.

रस्त्यावरील जलद चार्जिंगमध्ये मोठी बॅटरी सरस आहे. दोन्ही गाड्या कमाल १५० किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकतात. १५ ते ८० टक्के भरण्यास मोठीला सुमारे ४१ मिनिटे आणि लहानीला सुमारे ४४ मिनिटे लागतात. मोठी भांडी भरायला जास्त वेळ लागावा, हा नेहमीचा अनुभव येथे लागू पडत नाही. त्या ४१ मिनिटांत मोठ्या बॅटरीत सुमारे ८५ युनिट जमा होतात, तर ४४ मिनिटांत लहानीत सुमारे ६४. बॅटरीत घटांची संख्या जास्त असली की येणारा प्रवाह अधिक घटांत वाटला जातो आणि प्रत्येक घटावरील ताण कमी राहतो. म्हणून वेग टिकून राहतो. लांबच्या प्रवासात मोठ्या बॅटरीच्या मालकाला थांबे कमी पडतात आणि प्रत्येक थांब्यावर अधिक अंतर पदरात पडते.

२९ फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या विजेच्या गाड्यांना जोडतुकडा वापरून टेस्लाच्या सुपरचार्जर जाळ्यावर चार्जिंग करता येऊ लागले. थांब्यांची संख्या एकदम वाढल्यामुळे लहान बॅटरीची मोठी उणीव काही अंशी भरून निघाली. केंद्रे जवळजवळ असली की वीज सोबत वाहून नेण्याची गरज कमी होते.

घराला वीजपुरवठा

लाइटनिंगच्या हौद्यातील प्लगांमधून बांधकामाच्या जागी करवत, वेल्डिंग यंत्र किंवा दिवे चालवता येतात. पायाभूत आवृत्तीत २.४ किलोवॅट आणि वरच्या आवृत्त्यांत ९.६ किलोवॅट वीज बाहेर घेता येते. आवश्यक उपकरणे बसवली तर वीज गेल्यावर गाडीतून घरालाही पुरवठा करता येतो. अनावरणाच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, टेक्सास राज्यात हिमवादळामुळे लाखो घरे अंधारात व थंडीत अडकली होती. त्यामुळे या सोयीची तेव्हा विशेष चर्चा झाली.

दिवसाला ३० युनिट वापरणाऱ्या घराला पूर्ण भरलेली मोठी बॅटरी तीन दिवस पुरेल आणि काटकसरीने वापरल्यास दहा दिवसांपर्यंत, असे कंपनीने सांगितले होते. त्याच प्रमाणात लहान बॅटरी दोन दिवसांहून थोडी अधिक पुरेल. अर्थात वीज गेली तेव्हा गाडी पूर्ण भरलेली असेलच असे नाही, आणि संकटात घर सोडून जायचे ठरले तर तीच वीज प्रवासालाही लागते. घराशी जोडणी करणाऱ्या संचाची किंमत सुमारे ३,९०० डॉलर होती आणि बसवण्याचा खर्च वेगळा. चार्ज स्टेशन प्रो मोठ्या बॅटरीबरोबर मिळे. लहान बॅटरीच्या ग्राहकाला तो १,३१० डॉलरना स्वतंत्र घ्यावा लागे. वादळे व वीजटंचाई नित्याची असलेल्या भागांत या सोयीने अनेकांचा निर्णय मोठ्या बॅटरीकडे झुकवला. कामाच्या जागी अवजारे चालवण्यासाठी मात्र लहान बॅटरी पुष्कळ झाली, कारण दिवसभर करवत चालवूनही काही युनिटच खर्च होतात.

किंमत आणि उपलब्धता

अनावरणाच्या वेळी सर्वांत साध्या 'प्रो' आवृत्तीची किंमत लहान बॅटरीसह ३९,९७४ डॉलर जाहीर झाली. संस्था व कंपन्यांच्या ताफ्यांसाठीच्या मोठ्या बॅटरीच्या प्रोची किंमत ४९,९७४ डॉलर होती. दोघींतील १०,००० डॉलरचा फरक ३३ युनिट क्षमतेने भागला तर युनिटमागे सुमारे ३०० डॉलर होतात. ९० मैल वाढीव पल्ल्याच्या हिशेबाने दर मैलामागे १११ डॉलर. या रकमेत जादा अश्वशक्ती व दुसरा अंतर्गत चार्जरही येतो हे खरे, तरी वर्षातून चार वेळा लागणाऱ्या पल्ल्यासाठी ही रक्कम लहान नाही.

प्रो आवृत्तीत मोठी बॅटरी सुरुवातीला सामान्य ग्राहकाला मिळतच नव्हती. साधी गाडी आणि मोठी बॅटरी हा मेळ त्याला हवा असला तरी त्याने एक्सएलटी किंवा लॅरिएट या वरच्या आवृत्तीकडे जावे, अशी रचना होती. सर्वांत वरच्या प्लॅटिनममध्ये लहान बॅटरीचा पर्यायच ठेवलेला नव्हता. २०२४ च्या नमुन्यात आलेल्या 'फ्लॅश' आवृत्तीने मोठी बॅटरी मधल्या किमतीच्या टप्प्यावर आणली.

कच्च्या मालाच्या दरवाढीमुळे प्रोची पायाभूत किंमत ऑगस्ट २०२२ मध्ये ४६,९७४ डॉलर आणि मार्च २०२३ पर्यंत ५९,९७४ डॉलर झाली. जुलै २०२३ मध्ये ती ४९,९९५ डॉलरपर्यंत खाली आणण्यात आली. दोन वर्षांत पायाभूत किमतीत एवढी उलथापालथ झाल्यावर 'स्वस्त विजेचा ट्रक' ही मूळ कल्पना मागे पडली. २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय करसवलतीत पात्र ग्राहकाला ७,५०० डॉलरपर्यंत सूट मिळे, परंतु गाडीची किंमत ८०,००० डॉलरच्या आत असण्याची अट होती. प्लॅटिनम ही मर्यादा ओलांडून जाई. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांसाठी ही सवलत बंद झाली.

झीज आणि हमी

दोन्ही बॅटऱ्यांवर आठ वर्षे किंवा १,००,००० मैल (सुमारे १,६१,००० किमी), यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी आहे. या काळात क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते. ७० टक्क्यांवर आलेल्या मोठ्या बॅटरीचा पल्ला २२४ मैल राहील, म्हणजे नव्याकोऱ्या लहान बॅटरीएवढाच. लहान बॅटरी त्याच अवस्थेत १६१ मैलांवर येईल. गाडी दहा-पंधरा वर्षे वापरण्याचा इरादा असणाऱ्यासाठी हा मुद्दा नव्या गाडीच्या पल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. शिवाय तेवढाच प्रवास करताना मोठ्या बॅटरीचे भरण-रिकामे होण्याचे फेरे कमी होतात.

बॅटरीचे घट दक्षिण कोरियाच्या एसके ऑन या कंपनीचे असून त्यांत निकेल, कोबाल्ट व मँगनीज वापरले आहेत. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी डिअरबॉर्न येथे ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच्या तपासणीसाठी उभ्या असलेल्या एका लाइटनिंगच्या बॅटरीने पेट घेतला. त्यानंतर सुमारे पाच आठवडे उत्पादन थांबले आणि १८ गाड्या परत मागवण्यात आल्या. एक मोठी बॅटरी बनवायला लागणाऱ्या खनिजांत एकतृतीयांश आणखी एक लहान बॅटरी तयार होऊ शकते. ज्या गाडीत हा वाढीव साठा वर्षभर न वापरता पडून राहतो, तिच्याबाबत पर्यावरणाच्या नावाने मोठ्या बॅटरीचे समर्थन करणे कठीण जाते.

इतर विजेरी पिकअप

रिव्हियन आर१टीमध्येही बॅटरीचे स्टँडर्ड, लार्ज, मॅक्स असे पर्याय देण्यात आले. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीने २०० किलोवॅट-तासांहून मोठी बॅटरी बसवून ४५० मैलांचा (७२४ किमी) अधिकृत पल्ला गाठला, पण त्या गाडीचे वजन पावणेचार टनांच्या पुढे गेले. टेस्लाने सायबरट्रकसाठी वेगळाच मार्ग सुचवला होता : पायाभूत बॅटरी सर्वांना सारखी आणि गरज असेल त्याने हौद्यात बसवायची १६,००० डॉलरची पूरक बॅटरी घ्यायची. ती हौद्याची सुमारे एक तृतीयांश जागा व्यापणार होती. मे २०२५ मध्ये ही योजना रद्द करून आगाऊ घेतलेल्या रकमा परत करण्यात आल्या. गरजेपुरती बॅटरी जोडण्याची कल्पना तत्त्वतः आकर्षक आहे, परंतु मालवाहू गाडीची मालाची जागा अडवून ती साधणे ग्राहकांना रुचणे अवघडच होते.

उत्पादनाची अखेर आणि नावातील साम्य

लाइटनिंगची अमेरिकेतील विक्री २०२२ मध्ये १५,६१७, २०२३ मध्ये २४,१६५ आणि २०२४ मध्ये ३३,५१० एवढी झाली. एफ मालिकेच्या वार्षिक लाखो गाड्यांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प होते. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने केवळ बॅटरीवर चालणाऱ्या लाइटनिंगचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तिच्या जागी येणाऱ्या पुढच्या पिढीच्या गाडीत चाके विजेच्या मोटरीच फिरवतील, मात्र बॅटरी उतरल्यावर वीज निर्माण करण्यासाठी इंधनावर चालणारे जनित्र गाडीतच असेल. तिचा एकूण पल्ला ७०० मैलांहून (सुमारे १,१२७ किमी) अधिक असेल, असे कंपनीने म्हटले आहे.

अशा जनित्रयुक्त वाहनांनाही इंग्रजी नावात 'एक्स्टेंडेड रेंज' हेच शब्द येतात. त्यामुळे वापरलेली गाडी घेताना जाहिरातीतील 'एक्स्टेंडेड रेंज लाइटनिंग' म्हणजे १३१ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची २०२२ ते २०२५ या काळातील गाडी, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्या गाडीत इंधनाची टाकी नाही.